लेन्स विकायला काढण्यापूर्वी: स्वस्त टेलिफोटोने सुस्पष्ट छायाचित्रे कशी घ्यावीत

पुण्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढू लागणाऱ्या बहुतेकांची सुरुवात ७०–३०० किंवा ५५–२५० मिलिमीटरच्या लेन्सने होते. पुष्कळदा ती कॅमेऱ्याच्या खोक्यातच जोडलेन्स म्हणून आलेली असते. हिवाळ्यातल्या एका रविवारी सोलापूर रस्त्यावरच्या, नदीकाठच्या कवडीपाटला जाऊन तीन-चारशे छायाचित्रे काढली जातात आणि घरी ती संगणकावर मोठी करून पाहिली, की चक्रवाकाच्या पिसांऐवजी केशरी रंगाचा मऊ गोळा दिसतो. मग लेन्सला नावे ठेवणे सुरू होते. मीही एक अख्खा हंगाम तेच केले आणि शेवटी लेन्स विकायला काढली. गिऱ्हाइकाला काच नीट दिसावी म्हणून पुढचा यूव्ही फिल्टर उतरवला आणि सहज गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या घारीचे एक छायाचित्र घेतले, तर तिच्या चोचीवरचा पिवळा भाग आणि डोळ्यातली चमक दोन्ही वेगवेगळी दिसली. दोष दुकानात फुकट मिळालेल्या त्या चकतीत होता. लेन्स विकली नाही, आणि त्यानंतर दोष शोधण्याचा माझा क्रम कायमचा उलटा झाला. आता सर्वांत शेवटी संशय लेन्सवर घ्यायचा. त्याआधी फिल्टर, शटर, हात, फोकस, हवा आणि अंतर यांची झडती घ्यायची.

घरच्या घरी पहिली परीक्षा

नदीवर जाण्याआधी लेन्सची खरी ताकद किती आहे ते घरी पाहून घ्यावे. वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे आणि आठ-दहा मीटर अंतरावर, म्हणजे इमारतीच्या गच्चीवर किंवा वाहनतळावर, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीशी काटकोनात लावावा. फिल्टर काढावा, कंप रोखणारी यंत्रणा बंद करावी, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, अक्षरे मोठी करून फोकस करावा. मग ३०० मिलिमीटरवर एफ/५.६, एफ/८ आणि एफ/११ या छिद्रांवर (आकडा मोठा, तितके छिद्र लहान) तीन छायाचित्रे घ्यावीत, आणि तेच २५० व २०० मिलिमीटरवर पुन्हा करावे. सगळी मिळून नऊ छायाचित्रे होतात आणि अर्धा तास लागतो.

बहुतेक स्वस्त झूम लेन्सचे निकाल एकाच धाटणीचे येतात. शेवटच्या टोकाला, छिद्र पूर्ण उघडे असताना अक्षरांभोवती हलकी धूसर झिलई दिसते. एफ/८ ला ती बरीचशी जाते. एफ/११ ला कडा आणखी सुधारतात, पण २४ मेगापिक्सेलच्या लहान (फिल्मच्या चौकटीपेक्षा छोट्या) सेन्सरवर विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, मधला भाग किंचित मऊ पडू लागतो. २५० ते २८० मिलिमीटरच्या आसपास चित्र बहुधा ३०० पेक्षा रेखीव येते. प्रत्येक लेन्सची खोड निराळी असल्यामुळे हे दुसऱ्याच्या लेन्सवरून ठरवू नये. माझी ७०–३०० उन्हात एफ/८ आणि २८० वर सर्वोत्तम चालते, म्हणून झूमच्या कड्यावर त्या जागी मी रंगाचा एक ठिपका देऊन ठेवला आहे. वीस मिलिमीटर गेल्याने पक्षी फारसा लहान होत नाही.

पानाचा एक कोपरा सुस्पष्ट आणि समोरचा कोपरा पार धूसर आला, तर आधी कॅमेरा भिंतीशी खरोखर काटकोनात होता का ते तपासावे. असूनही तसेच आले, तर आतले एखादे भिंग सरकलेले असू शकते आणि अशी लेन्स दुरुस्तीला देणेच योग्य. पण मधली अक्षरे एफ/८ ला स्वच्छ वाचता येत असतील, तर नदीवर बिघडणाऱ्या छायाचित्रांचे कारण लेन्सबाहेर शोधावे लागेल.

एक गोष्ट या परीक्षेतच उघडी पडते. लाइव्ह व्ह्यूमध्ये घेतलेले चित्र सुस्पष्ट आणि तेच व्ह्यूफाइंडरमधून घेतलेले मऊ असे वारंवार घडत असेल, तर डीएसएलआरची (आतला आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) फोकसयंत्रणा त्या लेन्सशी जुळलेली नाही आणि फोकस थोडा पुढे किंवा मागे पडतो आहे. वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत हे मेनूमधून दुरुस्त करता येते. प्राथमिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ती सोय सहसा नसते. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरूनच फोकस करत असल्याने तिथे ही अडचण जवळजवळ येत नाही.

बिघडलेले छायाचित्र वाचायला शिकावे

धूसर छायाचित्र लगेच पुसून टाकू नये, कारण ते काय चुकले हे सांगत असते. पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका रेघेसारखा ताणलेला असेल आणि फांदी, पाने, पाण्यावरची चमक या सगळ्या गोष्टी त्याच दिशेने ताणलेल्या असतील, तर हात हलला. फांदी रेखीव असून डोके किंवा पंख फराटल्यासारखे असतील, तर पक्षी हलला आणि शटर कमी पडला. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचे किंवा मागचे गवत रेखीव असेल, तर फोकस चुकला. एकापाठोपाठ घेतलेल्या दहा चित्रांत प्रत्येक वेळी निराळीच जागा मऊ दिसत असेल आणि कडा पाण्यात बुडवल्यासारख्या वाकड्या असतील, तर हवा उकळते आहे. आणि सगळे चित्र सारखेच फिकट, पांढऱ्या पक्ष्याभोवती दुधाळ वलय असलेले येत असेल, तर फिल्टर, मळलेली पुढची काच, आतली बुरशी किंवा छिद्र पूर्ण उघडे ठेवल्यावर दिसणारा लेन्सचा मूळ मऊपणा यांपैकी काहीतरी आहे. गेल्या तीन-चार सहलींची टाकाऊ चित्रे या नजरेने वेगळी करून मोजली, तर सराव कशाचा करायचा हे आपोआप ठरते.

शटर: थोडा हिशेब

लहान सेन्सरच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात एका पिक्सेलची रुंदी सुमारे ३.९ मायक्रॉन असते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला दहा मीटरवर बसलेल्या वेड्या राघूच्या अंगावर एक पिक्सेल म्हणजे केवळ ०.१३ मिलिमीटर भरतो. शटर उघडा असताना कॅमेरा इतका जरी ढळला, तरी चित्र एका पिक्सेलने पुसले जाते. राघूने डोके सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वळवले असे धरले, तर १/५०० सेकंदात ते एक मिलिमीटर, म्हणजे सात-आठ पिक्सेल सरकते. १/२००० ला तीच सरक दोन पिक्सेलवर येते.

एकाला फोकल लांबीने भागून येणारा शटर पुरे, हा जुना नियम फिल्मच्या चौकटीसाठी होता. निकॉनच्या लहान सेन्सरवर तो दीडने आणि कॅननच्या १.६ ने गुणावा लागतो, म्हणजे ३०० मिलिमीटरला १/५०० च्या जवळपास. शिवाय आपण चित्र पूर्ण मोठे करून पाहतो, तेव्हा त्याच्याही दुप्पट धरलेले बरे. म्हणून हातात धरलेल्या ३०० मिलिमीटरसाठी १/१००० हा माझा पाया आहे. उडत्या बगळ्याला १/१६००, नदी सुरयासारख्या चपळ पक्ष्याला १/२५०० आणि पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२०० किंवा अधिक. पाषाण तलावाच्या काठी पुतळ्यासारखी उभी राहणारी ढोकरी मात्र टेकू असेल तर १/२५० लाही नीट मिळते.

कंप रोखणारी यंत्रणा, जिला कॅनन आयएस, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस म्हणते, फक्त आपला हात सावरते. पक्ष्याची मान ती धरून ठेवू शकत नाही. तरीही लेन्स घेताना शक्य असेल तर ती असलेलीच घ्यावी, कारण व्ह्यूफाइंडरमधले दृश्य स्थिर झाल्याने फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवणे सोपे जाते. इथे खरेदीत दोन ठिकाणी फसगत होते. कॅननच्या स्वस्त ७५–३०० मध्ये ही यंत्रणा नाही आणि ५५–२५० आयएस एसटीएममध्ये आहे. पन्नास मिलिमीटर कमी असले तरी दुसरीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. निकॉनची एएफ-पी ७०–३०० डीएक्स दोन प्रकारांत आली, एक व्हीआरसह आणि एक त्याविना, आणि डी९०, डी३१००, डी३२००, डी५१०० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर ही लेन्स फोकसच करत नाही. जुन्या बाजारातून स्वस्तात उचलण्यापूर्वी आपला कॅमेरा कोणता, हे पाहावे.

इतका वेगवान शटर आणि एफ/८ छिद्र म्हटले, की आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, वाढतो आणि तिथे नवखे माघार घेतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि पहिला पाऊण तास प्रकाश फारच कोवळा असतो. त्या वेळी आयएसओ २०० चा हट्ट धरून मी नदी सुरयांची एक संपूर्ण सकाळ वाया घालवली आहे. दाणेदारपणा नंतर बराच कमी करता येतो, पण फराटलेले पीस कोणत्याही सॉफ्टवेअरने पुन्हा रेखीव होत नाही. सकाळी १६०० किंवा ३२०० पर्यंत जाण्यास कचरू नये. सर्वांत सोयीची मांडणी अशी: कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१०००, छिद्र एफ/७.१ किंवा एफ/८, आणि आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. प्रकाश अगदीच कमी असेल तर छिद्र उघडावे. थोडी झिलई चालते. पांढरे बगळे आणि शेकाट्यांसाठी प्रकाश थोडा कमी करावा, नाहीतर पिसांतला सगळा तपशील जळतो आणि तोही धूसरपणाच वाटतो.

हात, टेकू आणि ज्वारीची पिशवी

स्वस्त लेन्स हलकी असते. सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०–६०० चे वजन दोन किलोच्या घरात जाते, तर ७५–३०० अर्ध्या किलोच्या आसपास असते. हलकी वस्तू जास्त थरथरते, हे विसरले जाते. डावा तळवा लेन्सच्या खालून, शक्य तितका पुढे ठेवावा, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावे आणि कॅमेरा भुवईला दाबून धरावा. खाली बसता येत असेल तर उभे राहू नये. मांडी घालून किंवा एक गुडघा वर करून त्यावर कोपर टेकवले, तर शटरच्या एका पूर्ण टप्प्याइतका फायदा सहज होतो. बटण दाबताना बोट ठोकू नये, हळू दाबत न्यावे, आणि तीन-चार चित्रांची मालिका घ्यावी. पहिल्या चित्रात बोटाचा धक्का असतो, दुसरे-तिसरे बहुधा बरे निघते. कंप रोखणारी यंत्रणा चालू असेल तर बटण अर्धे दाबून अर्धा-एक सेकंद थांबावे, म्हणजे दृश्य स्थिरावते.

ट्रायपॉड कवडीपाटच्या काठावर किंवा चंद्रासाठी ठीक आहे. मधला दांडा वर उचलू नये, आणि जुन्या लेन्सची कंपयंत्रणा ट्रायपॉडवर बंद करावी, कारण कंप नसताना ती स्वतःच कंप निर्माण करू शकते. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स व्हीआर लेन्सवर तिचे बटण नसते; ते कॅमेऱ्याच्या मेनूत शोधावे लागते.

मला मात्र सर्वांत जास्त उपयोग झाला तो बीनबॅगचा. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापावा, एक तोंड शिवावे, दीड-दोन किलो ज्वारी भरावी आणि दुसरे तोंड शिवून टाकावे. ही पिशवी गाडीच्या खिडकीवर, बांधावर, दगडावर, कुठेही बसते आणि लेन्स तिच्यात रुतून राहते. पूर्ण भरू नये. तीन चतुर्थांश भरली तरच ती आकार घेते. पावसाळ्यापूर्वी ज्वारी काढून घ्यावी. मी एका वर्षी विसरलो आणि जुलैत पिशवीतून निघालेल्या पोरकिड्यांनी छायाचित्रणाबद्दलचे घरातले मत बराच काळ बदलून टाकले.

भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, यातले काहीच चालत नाही. कुंभारगावच्या होडीत ट्रायपॉड होडीबरोबरच हलतो. तिथे शटर १/१६०० च्या खाली आणू नये, कोपर होडीच्या काठाला टेकवू नये, आणि होडीला इंजिन असेल तर नावाड्याला ते थोडे आधीच बंद करायला सांगावे. इंजिनाचा कंप लाकडातून थेट लेन्सपर्यंत पोचतो. होडी आपोआप तरंगत पुढे गेली, तर रोहित पक्षीही कमी बिचकतात.

फोकस

३०० मिलिमीटर, एफ/८ आणि दहा मीटर अंतर असेल, तर लहान सेन्सरवर रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची खोली सुमारे ३५ सेंटिमीटर असते. पाच मीटरवर ती नऊ सेंटिमीटर उरते. म्हणजे जवळच्या पक्ष्याचे पोट फोकसमध्ये असताना डोळा बाहेर असू शकतो. म्हणून डीएसएलआरवर सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर न सोडता मधला एकच बिंदू निवडावा, कारण स्वस्त कॅमेऱ्यात तोच सर्वांत भरवशाचा असतो, आणि तो डोळ्यावर ठेवावा. बसलेल्या पक्ष्यालाही सतत फोकस, म्हणजे निकॉनचा एएफ-सी किंवा कॅननचा एआय सर्वो, वापरावा. फांदी वाऱ्याने हलते आणि आपणही हलतो.

स्वस्त लेन्सची खरी कमजोरी इथे आहे: फोकस हुकला की ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरघरत जाते आणि तोवर पक्षी उडालेला असतो. यावर उपाय पूर्वतयारीचा. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत, आतकरवाडीच्या बाजूला, स्वर्गीय नर्तक झाडीतून येण्याची वाट पाहताना पक्षी बहुधा जिथे बसेल तितक्याच अंतरावरच्या दगडावर फोकस करून ठेवावा. मग नर्तक आला की लेन्सला केवळ थोडेसे सरकावे लागते. दाट काट्याकुट्यांत फोकस पुढच्या काडीवर अडकत असेल, तर लेन्सवरचे कडे हाताने फिरवण्यात कमीपणा नाही.

हवा

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि पुण्याच्या परिसरात सर्वांत जास्त चित्रे याच कारणाने जातात. तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेचे थर वेगवेगळ्या घनतेचे असतात, त्यांतून येताना प्रकाश सतत किंचित वाकतो, आणि लांब लेन्स तो वाकडेपणा मोठा करून दाखवते. याला ना महाग लेन्स उपाय, ना शटर. पर्वतीवरून सिंहगडाचा दूरदर्शनचा मनोरा एप्रिलच्या दुपारी आणि सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर लगेच, अशा दोन्ही वेळा एकाच मांडणीने टिपून पाहावा. पहिल्या चित्रात मनोरा जेलीसारखा लचकलेला दिसतो, दुसऱ्यात त्याच्या पट्ट्या ओळखू येतात. लेन्स तीच असते.

यावरून काही सवयी लावून घेता येतात. हिवाळ्यात नदीवर साडेसात ते साडेनऊ हा वेळ उत्तम. त्याआधी पाण्यावर धुके असते, आणि ते चित्रात सुंदर दिसत असले तरी पिसांचा तपशील खाते. दहानंतर नांगरलेली शेते, खडकाळ काठ आणि डांबर यांवरून लांबचे चित्र घेण्याचा नाद सोडावा. वेताळ टेकडीवर उघड्या माळापेक्षा झाडांच्या सावलीत, जवळचे लक्ष्य निवडावे. गाडीतून छायाचित्र घेताना आणखी एक गंमत होते: थंड सकाळी गाडीच्या आतली उबदार हवा उघड्या खिडकीतून, नेमकी लेन्सच्या समोरून बाहेर पडते आणि दहा मीटरवरचा पक्षीही मऊ येतो. इंजिन आणि हीटर बंद करून, सगळ्या काचा उघडून पाच मिनिटे थांबावे.

अंतर

अंतर निम्मे झाले, की पक्ष्यावर चौपट पिक्सेल पडतात आणि मधली गढूळ हवाही निम्मी होते. पैसे खर्चून ३०० ऐवजी ६०० मिलिमीटर घेतल्याने पिक्सेल तितकेच वाढतील, पण हवा तेवढीच राहील. म्हणून स्वस्त लेन्सवाल्याने माणसांना सरावलेले पक्षी शोधावेत. एम्प्रेस गार्डनमधले बुलबुल आणि वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायांत घुटमळणारे पक्षी रानातल्या पक्ष्यांपेक्षा कितीतरी जवळ येऊ देतात. नदीकाठी सूर्य पाठीशी घेऊन, पाण्याच्या पातळीला, एकाच जागी अर्धा तास बसून राहावे. धोबी आणि शेकाट्या स्वतःच जवळ सरकतात. पाठलाग करणाऱ्याला फक्त शेपट्या मिळतात. घरट्याजवळ जाऊन हे अंतर कमी करू नये, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नयेत.

संगणकावर आणि कपाटात

रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, चित्र घेतले, तर आधी दाणेदारपणा कमी करावा आणि मग शार्पनिंग सुमारे एक पिक्सेल त्रिज्येने, फक्त कडांवर लागू करावे. आभाळावर आणि पाण्यावर ते लागू दिले, तर दाणेच धारदार होतात. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. ६००० पिक्सेल रुंदीचे चित्र २००० वर आणल्यावर लेन्सचा बराच मऊपणा दिसेनासा होतो, पण त्यासाठी चौकटीत पक्षी मुळात मोठा असला पाहिजे.

पुण्यात जून ते सप्टेंबर लेन्स कापडी बॅगेत ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांत राखावा, आणि महिन्यातून एकदा मागच्या बाजूने टॉर्च लावून आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, म्हणजे बुरशी, दिसतात का ते पाहावे. जुनी लेन्स विकत घेतानाही हीच तपासणी दुकानातच करावी. धागे दिसले, तर किंमत कितीही पडती असली तरी लेन्स परत करावी.